घरची करवत

घाटनांदूरच्या धर्मराजची जमीन काळी, कसदार. पण त्याचा जीव लागायचा तो लाकडात. लहानपणी गुरं पाण्यावर सोडून तो सुताराच्या लिंबाखाली जाऊन बसायचा. तिथला गहिनीनाथ त्याच्याच वयाचा. पुढं गहिनीनाथच्या हाती बापाची हत्यारं आली, धर्मराजच्या हाती कासरा आला, तरी दोघांचं लिंबाखाली बसणं काही सुटलं नाही.

रेल्वे गावापर्यंत आली तेव्हाची ही गोष्ट. लोखंडी सामान गाडीनं यायला लागलं आणि जोगाईच्या आंब्याला, ज्याला निजामाच्या कागदात मोमिनाबाद लिहीत, बाजारात तयार करवती टांगलेल्या दिसायला लागल्या. धर्मराजनं दोन-तीन बाजार त्या नुसत्या बघितल्या. मग एके दिवशी लिंबाखाली बोलला.

"गहिन्या, घरात एक करवत घ्यावी म्हणतो."

"कावून? मी मेलो का काय?"

"तसं न्हवं बे. हौस. पावसाळ्यात बसून बसून माणूस बेजार होतंय. एखादा पाट, एखादी फळी, काईबाई करावं."

गहिनीनाथ हसला. "मंग माज्यासंग चल. एकटा गेलास तर त्यो दुकानदार तुज्या गळ्यात पत्रा बांधील."

दुकानात तीन करवती होत्या. एक विलायती, आरशासारखी. तिची किंमत ऐकूनच धर्मराजनं हात मागं घेतला. दुसरी नवी आणि स्वस्त. गहिनीनाथनं तिचं पातं धनुष्यासारखं वाकवून सोडलं. ते थोडं वाकडंच राहिलं. "ही घरी न्हेऊन भाकरी परतायला घे," तो म्हणाला. तिसरी जुनी, कुण्या रेल्वेच्या मिस्त्रीनं विकलेली, मूठ फुटलेली. गहिनीनाथनं तिच्यावर नख वाजवलं, कानाशी धरली, डोळा बारीक करून दातांच्या ओळीवरनं नजर फिरवली.

"हीच घे. मूठ फुटली म्हणून त्यो कमी सांगतोय. मूठ काय, मी बसवून देतो."

परतीच्या वाटेवर करवत त्यानं स्वतःच्या उपरण्यात गुंडाळून स्वतःच्याच खांद्यावर घेतली. बाभळीची मूठ बसवली, कानशीनं एकेक दात घासला. हळदी-कुंकू वाहून मग ती धर्मराजच्या हातात दिली. "हत्याराला पाय लावू नगंस," एवढंच म्हणाला. काही घेतलं नाही.

त्या पावसाळ्यात धर्मराजनं देवासाठी एक चौरंग केला. गहिनीनाथ बघायला आला. हलवून बघितला. "चारी पाय भुईला टेकल्यात. देवानं लाज राखली बाबा तुजी." छबुबाईनं, म्हणजे धर्मराजच्या कारभारणीनं, दोघांपुढं गुळाचा चहा ठेवला. असं सगळं गोडीगुलाबीचं होतं.

मग वैशाखात थोरल्या अंजनाचं लगीन निघालं. लग्नातले नवरा-नवरीचे पाट सुतारानं आणायचे, ही गावची रीत. मांडवात त्याचं नाव घेऊन त्याला पागोटं बांधायचं, त्याच्या बायकोची ओटी भरायची. धर्मराजला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण बापाचं मन. आपली लेक आपल्या हातच्या पाटावर बसावी असं त्याला वाटलं. गोठ्यात बसून, कुणाला न सांगता, त्यानं सागाचे दोन पाट केले.

छबुबाई म्हणाली, "आवो, गहिनीभावजींना इचारलंय का?"

"त्याला काय इचारायचं? करवत त्यानंच निवडली. बगून खूश हुईल. पागोटं तर देणारच हाय की आपुन."

छबुबाई गप्प बसली. आपण तेव्हा गप्प बसायला नको होतं, असं तीही पुढं म्हणायची.

लग्नाच्या दिवशी गहिनीनाथ धुतलेलं धोतर नेसून, डोक्यावर लाल फडक्यात झाकलेले पाट घेऊन आला. मागं त्याची बायको. मांडवात पाऊल टाकलं आणि बघितलं, तर अंजना पाटावर बसलेली. धर्मराजचा चुलतभाऊ सुंदरराव मोठ्या आवाजाचा माणूस. तो पाव्हण्यांना सांगत होता, "औंदा सुताराचं काईच काम पडलं न्हाई बगा. आमच्या धर्मानंच केल्यात पाट."

पाव्हण्यांनी वाहवा केली. आणि धर्मराज हसला.

ते हसू त्याला जन्मभर सलत राहिलं. सुंदररावाला तो तिथंच थांबवू शकला असता. ऊठ पोरी, खरे पाट आलेत, असं म्हणू शकला असता. पण वाहवा कानाला गोड लागली, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

गहिनीनाथनं पाट कुडाशी टेकवून ठेवले. अक्षता टाकल्या, अंजनाच्या डोक्यावर हात ठेवला, पंगतीत बसून जेवला. पागोट्यासाठी नाव पुकारलं तेव्हा मात्र त्यानं हात जोडले.

"मान कामाचा असतोय. काम तुमी केलं."

लग्नाच्या गडबडीत ते 'तुमी' कुणाच्या ध्यानात आलं नाही. धर्मराजच्या आलं.

त्या साली खळी लागली. आपल्या वाट्याचं बलुतं घ्यायला सगळे आले, गहिनीनाथ आला नाही. धर्मराजनं धान्य गड्याच्या हाती घरी पाठवलं, ते तसंच परत आलं. तेव्हा तो स्वतः लिंबाखाली गेला.

"राग आला का रं?"

"रागाचं काय न्हाई. तुमच्या घरचं काम मी केलं न्हाई. मंग घेऊ कशाचं?"

"मला तुमी म्हणतूस व्हय बे?"

गहिनीनाथ रंधा मारत राहिला. मारता मारताच म्हणाला, "रामकिसननं बी बलुतं दिलं न्हाई औंदा. म्हणला, पेरायची पाभर धर्मानं नीट केली, तुजं काय?"

"आरं, ती मी फुकट केली. शेजारी हाय म्हणून."

"फुकट केली, तेच तर."

हौसेत आपण कुणाच्या ताटातलं उचलत होतो हे धर्मराजला आत्ता दिसलं. चुकलं असं म्हणावं, म्हणून तोंड उघडलं. पण गावात आपण बडे शेतकरी, हा बलुतेदार, चार माणसं येता-जाता बघतायत. तो नुसता बसला आणि उठून आला.

उन्हाळ्यात गहिनीनाथ बायको-पोरं गाडीत घालून परळीला गेला, रेल्वेच्या कामावर. गावानं दुसरा सुतार आणला. धर्मराज त्याला बलुतं वेळेवर द्यायचा आणि घरचं बारीकसारीक कामही त्यालाच सांगायचा. कुणी काही नीट करून मागितलं, तर म्हणायचा, "सुताराकडं जा."

बऱ्याच वर्षांनी, श्रावणातल्या एका सोमवारी, तो वैजनाथाच्या दर्शनाला परळीला गेला. पायऱ्यांवर गहिनीनाथ भेटला. केस पांढरे झालेले, हातात बेलाची पानं.

"रामराम मालक. अंजना कशी हाय?"

"बाळंतपणाला आलीय."

"लेकरू सुखरूप होऊ दे. वैजनाथाला सांगतो."

धर्मराजनं वाटभर एक वाक्य घोळवत आणलं होतं. भेटला तर बोलायचं म्हणून. मागनं गर्दी रेटत होती. गहिनीनाथ क्षणभर थांबलाही. मग, "बराय," म्हणून पायऱ्या उतरून गेला.

गाभाऱ्यात धर्मराजनं डोकं टेकवलं आणि ते वाक्य देवाला सांगितलं. चुकलं माझं, असं अगदी स्पष्ट सांगितलं. बाहेर आला, तरी काळजावरचं ओझं जागचं हललं नव्हतं. देवाचं त्यानं काहीच घेतलं नव्हतं. ज्याचं घेतलं होतं तो एव्हाना गर्दीत दिसेनासा झाला होता.