लिंबावरच्या अस्थी

बायको लातूरच्या दवाखान्यात वारली. तिला मुखेडकडं आमच्या गावी आणलं, आमच्याच शेतात जाळलं. तिसऱ्या दिवशी आम्ही पुरुष माणसं राख सावडायला गेलो. आमच्याकडं बाया त्याला येत न्हाईत. राखेतून हाडं वेचली, मडक्यात भरली, तोंडाला फडकं बांधलं. अस्थी घरात आणत न्हाईत, म्हणून मडकं बांधावरच्या लिंबाला टांगलं. दहाव्याच्या आत नांदेडला गोदावरीत सोडायचं असतं.

मी सोडलं न्हाई. आज गुडघा दुखतो म्हणलो, उद्या एसटी न्हाई म्हणलो. पोरगा लातूरहून फोन करायचा, "बाबा, आईला असं टांगूनच ठेवायचं का?" भावकीतला एक जण तोंडावर बोलला, "काका, जित्तेपणी काकूशी रोज भांडायचा, आन् आता सोडवंना व्हय?" त्याला शिवी दिली. पण बोलला खरं.

सकाळी लिंबाखाली जाऊन बसायचो. मडक्याशी बोलायचो बिलायचो न्हाई. नुसता बसायचो.

मग पोरगी परत आली. ती पुण्याला असती, हित्ती नावाची भाषा शिकून राहिली. साडेतीन हजार वर्षांमागं तुर्कस्तानकडं बोलायचे, मातीच्या पाट्यांवर लिहायचे. आता जगात एक माणूस ती बोलत न्हाई. तिची आई चिडवायची, "मेलेल्यांची भाषा शिकून हाक कुणाला मारणार गं?" मला बी तो रिकामा धंदा वाटायचा. एकदा तिनं सांगितलं, बैलाच्या मानेवरच्या जूला ते लोक युगन म्हणायचे, आपलं जू त्याच घरचं. तेवढं पटलं होतं.

लिंबाखाली माझ्याजवळ येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी इचारलं, "हाडाला काय म्हणायचे ते?"

"हस्ताई. आपलं अस्थी तेच. सुरवातीचा घशातला 'ह' आपल्याकडं गळाला, त्यांनी जपला."

"मग मूळ शब्द कुणाचा? त्यांचा का आपला?"

"दोघांचा बी न्हाई. दोघांच्या आधी एक भाषा होती. ती कुणी लिहून ठेवली न्हाई. लेकींचे तोंडावळे बघून आई कशी असंल ते जुळवावं, तसं जुळवतात तिला."

बोलता बोलता तीच थांबली. तिची हनुवटी आईची हाय.

"आन् त्या हाडांचं काय करायचे?"

"राजाराणीला जाळायचे. सकाळी चितेवर बाया जायच्या. दारू ओतून विस्तव विझवायच्या, हाडं वेचायच्या, चांदीच्या भांड्यात तेलात बुडवायच्या, चांगल्या कापडावर ठेवायच्या. मग दगडाच्या घरात नेऊन ठेवायचे."

"ठेवायचे?" मी ताठ झालो. "नदीत सोडत नव्हते ना? बघ, शहाणी माणसं होती!"

"हाव, ठेवायचे."

"मग कुठं हायत आता?"

"माहीत न्हाई, बाबा. हाडं सापडली न्हाईत. शब्द तेवढा सापडला."

राजाची हाडं दगडाच्या घरात टिकली न्हाईत. माझं तर फांदीला टांगलेलं मडकं.

थोड्या वेळानं ती म्हणली, "तुम्ही सगळ्यांनी आईला सावडलं. मी घरात बसले होते. मला एकदा हात लावू द्या."

"काढ," मी म्हणलो.

तिनं मडकं उतरवलं, घरून करडीचं तेल आणलं, ओढणी पसरली. एकेक तुकडा तेलाच्या बोटानं पुसून ओढणीवर मांडू लागली. असं आमच्यात कुणी केलेलं मी बघितलं न्हाई. गावानं बघितलं असतं तर बोललं असतं. मी बी बोट तेलात बुडवलं. म्हातारीचे गुडघे लई दुखायचे. गुडघ्याचं हाड कोणतं, ते शोधत होतो. कळंना. सगळे तुकडे सारखेच झाले होते.

"उद्या जाऊ," मी म्हणलो.

सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो. मडकं पोरीच्या मांडीवर. पोरगा लातूरहून परस्पर घाटावर आला. त्याच्या हाताला मी पोरीचा हात लावला, वर माझा. तिघांनी मिळून अस्थी सोडल्या.

लोक म्हणतात, सोडल्यावर माणूस हलका होतो. खोटं हाय. पण पोरगा बहिणीच्या गळ्यात पडून हमसून रडला. आई गेल्यापासून त्याला रडताना मी बघितलं नव्हतं. मडकं वर टांगलेलं होतं तवर त्याला रडता बी आलं नसंल.

मी रिकामं मडकं धरून पाण्यात तसाच उभा. भटजी म्हणला, "ते बी सोडा, आजोबा."

सोडलं. थोडं तरंगलं, मग पाणी भरलं, आन् गेलं.