तांडेलांचा दोरा

जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर आमच्या शेजारच्या तांडेलांना ठाऊक नाही, असं होणं शक्यच नव्हतं; आणि नसलंच ठाऊक, तर आपला चहा थंड होईपर्यंत ते मोजून दाखवीत. उभी हयात गलबत हाकण्यात गेलेली. साठ सालाच्या सुमारास ते गलबत मालवणच्या किनाऱ्यावर कायमचं माडाच्या झावळ्यांच्या चुडतांखाली झाकलं गेलं, एकुलता मुलगा नैरोबीला नोकरीला गेला, आणि सुकाणूऐवजी यांच्या हातात दोरा आला. भिंतीवर शाळेतून मागून आणलेला जगाचा नकाशा, त्यावर मुंबई ते नैरोबी ताणलेला दोरा आणि विमानाच्या दर तासाला एक गाठ.

मुलाने पत्रात साडेसहा तास लिहिले होते. यांना पटेल तर शपथ! विमानालाही वारा लागतोच, म्हणायचे. पावसाळ्यात आफ्रिकेकडून येताना नैऋत्येचा वारा पाठीवर, म्हणजे अर्धा तास वाचला. अंगणात बोट ओलं करून धरायचे आणि आजचं विमान वेळेआधी उतरणार, असं साऱ्या वाडीला ऐकवायचे. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांना त्यांनी लंडन-मुंबईचा वेळ इतका समजावून सांगितला, की ते मुलगी न बघताच उठले. आई महिनाभर त्यांच्याशी बोलली नाही. मुंबई ते मालवण किती, असं मी एकदा विचारलं, तर हसले. मुंबईला पोचला तो घरी पोचला, ते काय मोजायचं! तेव्हा मुलाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली त्यांची बायको आतून म्हणाली होती, "दोरो मोजून झील जवळ येता काय?"

पुढच्या आषाढात ती माउली अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी चार दिवस सांगितले. मुलाला बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. मी तार केली. बुधवारच्या विमानाने निघतो, असं उत्तर आलं. तांडेलांनी भिंतीवरचा दोरा काढून तिच्या हातात दिला. बुधवारी ते घड्याळ बघून तास सांगत आणि ती एकेक गाठ सोडी. शेवटची सुटली तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

"मुंबईक पावलो," तांडेल म्हणाले. "आता इलोच समज."

गुरुवार गेला. बोटी पावसाळ्यामुळे बंद, म्हणून मुलगा कोल्हापूरमार्गे एस.टी.ने येत होता. शुक्रवारी सकाळी दाराकडे बघत बघतच ती गेली. मोकळा दोरा मुठीत तसाच होता. दुपारपर्यंत वाट बघून तांडेलांनीच अग्नी दिला.

मुलगा शनिवारी आला, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. घाटात दरड कोसळून दोन दिवस वाट अडली होती. बापाने त्याला जवळ घेतलं आणि विमान किती वाजता उतरलं ते विचारलं. माझा तर संतापच झाला, ही काय वेळ! मुलाने खालच्या मानेने सांगितलं, अर्धा तास आधी.

तांडेल खाली बसले. "वारो हिशेबात बरोबर धरलंय," ते म्हणाले, "पण घाट मी धरूकच नाय रे." आणि ढसाढसा रडले.

नकाशा त्यांनी शाळेला परत केला. पुढे मी मुंबईहून आलो की किती तास लागले, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुंपणाशी येत, माझ्या पायांकडे बघत आणि हळूच म्हणत, "घाट उघडो आसा मां?"