खुणेच्या दोन घरं पुढे

२०२५ साल. मला एकोणऐंशीवं लागलं होतं आणि अमेरिकेत चँडलरला मुलाच्या घरी येऊन चौदा वर्षं झाली होती. माझी शाळा चौथीपर्यंत. बोलतो तसंच लिहितो. कुणाला खटकलं तर त्यानं पुढचं वाचू नये.

त्याआधी चाळीस वर्षं मी इचलकरंजीत टेलरांच्या कात्र्यांना धार लावली. माझी एक रीत होती. धार लावलेली कात्री गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ओल्या मलमलीवर चालवून बघायची. कापड एका सुतानं जरी अडलं तरी कात्री परत चाकावर. त्यामुळं तक्रार यायची नाही. आणि कुणी केलीच तर मी ऐकून घ्यायचो नाही. ‘हात वाकडा असेल तुमचा,’ म्हणून वाटेला लावायचो. बाजारात माझ्या धारेपेक्षा माझ्या तोंडाला लोक जास्त भ्यायचे, असं आमची ही म्हणायची. ती आता नाही. तिच्यानंतर मला तोंडावर बोलणारं कुणी उरलं नाही.

इथे आलो तेव्हा नात आठ वर्षांची होती आणि बर्फावरच्या हॉकीच्या नादाला लागली होती. बाहेर चप्पल डांबराला चिकटेल असं ऊन, आणि आत एका मोठ्या शेडमध्ये गोठवलेलं मैदान, रिंक म्हणतात त्याला, त्यावर ही पोर हेल्मेट घालून धावतेय. मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून बघत बसायचो. तिचे स्केट दुकानातला माणूस धार लावून द्यायचा. त्याचा हात बघितला आणि मला राहवेना. मुलाच्या मागे लागून एक जुनं यंत्र आणवलं आणि गॅरेजमध्ये बसवलं.

स्केटचं पातं कात्रीसारखं नसतं. खालच्या अंगाला त्याच्या मधोमध एक लांब खोबणी असते आणि खोबणीच्या दोन्ही बाजूंना दोन कडा. खोबणी खोल केली की कडा बर्फात घट्ट रुततात. उथळ ठेवली की पाय हलका सरकतो. किती खोल, ते ज्याच्या त्याच्या पायावर असतं. नात चौदा वर्षांची असताना तिनं यंत्राच्या खोली ठरवणाऱ्या काट्यापाशी नेलपॉलिशनं लाल खूण केली. “आजोबा, माझं इथे. डोन्ट मूव्ह इट, ओके?” पुढे ती कॉलेजच्या टीममध्ये गेली. तिथे धार लावायला पगारी माणूस आहे. तरी तिचे स्केट दर गुरुवारी माझ्याकडेच. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हे भेटेल त्याला सांगायचो. दोनदा सांगितलेल्यांनाही.

त्या वर्षी तिचं कॉलेज संपणार होतं. मुलींचे पगारी संघ वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, कॉलेजातल्या खेळाडू आळीपाळीनं उचलतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. नाव पुकारलं तर खेळ पुढे चालू. नाही पुकारलं तर डिग्री घेऊन ऑफिसात. मुलगा म्हणायचा, “बाबा, तिला जॉब मिळेल, टेन्शन नका घेऊ.” पण पोरीला जॉब नको होता. तिला खेळायचं होतं. आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी अशाच एका संघाची स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारी बाई, तिचा खेळ बघायला येणार होती. ती काय लिहून नेते त्यावर सगळं होतं.

आठवडाभर घरात कुणी धड बसलं नाही. सुनेनं दोन वेळा मेनू ठरवला. मुलगा ओरडला, “अगं, ती घरी येणार नाहीये! रिंकवर बसून बघणार आणि जाणार. कांदेपोहे काय करतेस?”

“डब्यात नेऊ,” सून म्हणाली. “सहा तास विमानात बसून आलेली बाई ती.”

“आई, प्लीज,” फोनवरून नात म्हणाली. “शी इज नॉट कमिंग टू मॅरी मी.”

गुरुवारी दुपारी तिनं स्केट आणून दिले आणि क्लासला पळाली. मी गॅरेजमध्ये उभा राहिलो. पहिलं पातं अडकवलं. काटा लाल खुणेवर होता. हात पुढे जाईना. सारखं मनात येत होतं, उद्या पारखणारी येणार आणि आपण रोजचीच धार देणार? टेलर लग्नसराईआधी कात्री आणायचे तेव्हा मी न सांगता जरा जास्त कडक करून द्यायचो. चार दिवसांत हात बसायचा आणि खूष व्हायचे. मी काटा खुणेच्या दोन घरं पुढे सरकवला. खोबणी खोल झाली. कडा अशा उठल्या की नखावरून फिरवल्या तर नखाचा पांढरा भुगा निघत होता. ओली मलमल इथे कामाची नव्हती. बर्फावर मी आयुष्यात पाय ठेवलेला नाही. म्हणजे जी गोष्ट स्वतः चालवून बघता येत नाही, ती मी चौदा वर्षं पोरीच्या पायात देत होतो. हे त्या दिवशी सुचलं नाही. काटा परत खुणेवर आणला आणि नातीची गाडी येईपर्यंत गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो.

शुक्रवारी संध्याकाळी रिंकवर बाकं अर्धी रिकामी होती. ती बाई आमच्या दोन ओळी खाली बसली होती. पन्नाशीची असेल. नाक कधीतरी मोडलेलं, गुडघ्याला पट्टा, मांडीवर वही. लोक पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या, मागे माना फिरवत होते, ही मात्र पोरींच्या पायांकडे बघत होती. मी मनात म्हटलं, ही खरी कसबी.

खेळ सुरू झाला आणि मिनिटाभरात मला कळलं. नात डिफेन्सला खेळते. समोरची आली की तोंड तिच्याकडे ठेवून पाठमोरं सरकत जायचं, हे तिचं काम, आणि ते ती तेल लावल्यासारखं करते. त्या दिवशी वळताना तिचा पाय बर्फात अडकत होता. थांबताना करकर आवाज येत होता. दोन पावलांत जायची तिथे चार पावलं टाकत होती.

“आज काय झालंय हिला?” मुलगा म्हणाला.

“नर्व्हस असेल,” सून म्हणाली. तिच्या मांडीवर पोह्यांचा डबा होता.

मी उठलो. जिन्यानं खाली गेलो, परत वर आलो.

“बाबा, बसा ना.”

“पाय अवघडलेत.”

खेळाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात; पहिला संपला, सुट्टी झाली. वाटलं, आता ती जाईल त्या पगारी माणसाकडे. पाच मिनिटांचं काम आहे, नव्यानं घासून घेईल. पोरी परत आल्या. तोच अडकणारा पाय. दुसऱ्या सुट्टीनंतरही तोच. तिसऱ्या भागात एक उंच मुलगी तिच्या अंगावरून आली, ही वळायला गेली, उजव्या पायाची कड रुतली आणि ही हातांवर आपटली. त्या मुलीनं सरळ गोल केला. खालच्या बाईनं वहीत लिहिलं. फार नाही, एकच ओळ. मग वही मिटली.

ती मिटलेली वही बघून मला बसवेना. खेळ संपल्यावर मुलगा पार्किंगकडे वळला, मी दुसरीकडे.

“बाबा, कुठे? अहो बाबा!”

बाई दाराशी जॅकेट घालत होती. माझं इंग्रजी म्हणजे दुकानात भाव विचारण्याइतकं. तरी म्हणालो, “मॅडम. नंबर फोर, माय ग्रँडडॉटर. लेग गुड. ब्लेड राँग. ब्लेड आय मेक.”

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. तोवर मुलगा धापा टाकत पोचला होता, त्यानं सांगितलं तिचं म्हणणं. दर गावात तिला कुणीतरी भेटतं म्हणे. कधी स्केट वाईट, कधी ताप होता, कधी बर्फ मऊ. ती जे दिसतं ते लिहिते.

“बाबा, चला. तमाशा नको.”

“तू गप्प बस. पोरीची बॅग आण.”

बॅगेबरोबर नातही आली, केस ओले, तोंड उतरलेलं. मी स्केट काढला आणि त्या बाईपुढे धरला, गिऱ्हाइकापुढे कात्री धरावी तसा, मूठ तिच्याकडे. तिनं अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं. नखावर पांढरं सालपट उभं राहिलं. तिनं पातं उजेडात धरून पाहिलं, दुसरा स्केट मागितला, तोही पाहिला.

“हू डिड धिस?”

“मी,” मी म्हणालो. मराठीतच. कळलं तिला.

मला वाटलं, संपलं, आता वहीतली ओळ खोडेल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. नातीला तिनं विचारलं, तुला केव्हा कळलं?

“फर्स्ट शिफ्ट,” नात म्हणाली. म्हणजे पहिल्या मिनिटालाच.

दोन सुट्ट्या होत्या, बाई म्हणाली. तुमचा माणूस आत बसलेला होता. बदलून का नाही घेतलेस?

नातीनं मान खाली घातली. मग माझ्याकडे बघितलं, एवढंसंच, आणि परत खाली. “माय ग्रँडफादर डिड देम,” ती म्हणाली.

बाईनं दोन्ही स्केट तिच्या हातात परत दिले. मग जे म्हणाली ते मुलानं मला गाडीत सांगितलं, पण मला तिथेच उमगलं होतं. पाय अडकला हे एक, ते पातं बदलून सुधारतं. पण काहीतरी चुकतंय हे माहीत असून जी साठ मिनिटं तोंड उघडत नाही, तिच्या भरवशावर गोलची राखण कशी सोडायची? उद्या शनिवारी याच टीमबरोबर परत खेळ होता. ती दुपारच्या विमानानं जाणार होती. म्हणाली, संध्याकाळचं घेते. पहिला भाग बघेन, मग निघेन.

सुनेनं डबा पुढे केला. बाईनं उभ्या उभ्या दोन चमचे पोहे खाल्ले, “गुड,” म्हणाली आणि गेली.

गाडीत मीच म्हणालो, “मला सांगायचं होतंस.”

“कसं सांगणार?” नात खिडकीकडे बघत म्हणाली. “बाबांनी एकदा फक्त विचारलं की मशीन नीट चालतंय का, तर तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.”

मुलानं गाडी चालवता चालवता मान डोलावली.

मी चिडलो असतो. जीभ वळवळली होती, हात वाकडा, पाय वाकडा, काहीतरी तोंडात आलंच होतं. गिळलं. बाई आली होती पोरीला पारखायला, आणि जो दोष सापडला तो मीच तिच्यात इतकी वर्षं घासून घासून बसवला होता. टेलर मला का कधी काही बोलले नाहीत, हेही तेव्हा कळलं. मला वाटायचं, धार चांगली म्हणून.

रात्रीचं काही सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला गॅरेजचं शटर उघडलं. नात आमच्याकडेच झोपली होती. तिला हाक मारली. ती कॉफीचा कप घेऊन दारात उभी राहिली, आत येईना. माझं काम चालू असताना कुणी आत यायचं नाही, हाही माझाच नियम.

“ये. स्टूल घे.”

काटा खुणेवर लावला, चाकाची गोलाई नव्यानं करून घेतली, दोन्ही पाती घासली. नेहमी मी इथे ‘झालं’ म्हणतो, फडक्यानं पुसतो आणि बॅगेत टाकतो. त्या दिवशी स्केट तसाच तिच्या हातात दिला.

“बघ.”

तिनं नख फिरवलं. डोळे बारीक केले. परत फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी यंत्राकडे बघत राहिलो.

“आजोबा,” ती म्हणाली, “डाव्याची आतली कड अजून वर आहे.”

मी तासभर घासलं होतं. माझ्या बोटाला ती कड बरोबर लागत होती. अजूनही म्हणेन, बरोबर होती.

मी तिच्या हातातून स्केट घेतला, परत अडकवला आणि यंत्र चालू केलं.