हाललं की पळायचं

जपानला निघालो त्या सकाळी आईने मला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, नुसत्या पावावर दिवस काढू नको. आणि दुसरी, "हाललं की पळ, लेकरा. मागं बघू नको."

ही दुसरी गोष्ट ती मला कळायला लागल्यापासून सांगत आली होती. आम्ही मूळचे लातूरकडचे. किल्लारीच्या भूकंपात आमचं दगडामातीचं घर बसलं तेव्हा मी तिच्या पोटात होतो. ती अंगणात पळाली म्हणून वाचली, आणि ती वाचली म्हणून मी आहे. आजी आत राहिली. पुढे वडील पुण्याला आले, इमारतींना रंग द्यायच्या कामाला लागले, आणि मी बी.कॉम. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो.

आम्ही मॉर्मन, म्हणजे त्या अमेरिकन पंथाचे ख्रिस्ती, कसे झालो हे लोक फार दबकत विचारतात. त्यात दबकण्यासारखं काही नाही. भाड्याच्या हॉलमध्ये त्या पंथाचा इंग्रजीचा फुकट वर्ग चालायचा, मी चौदाव्या वर्षी तिथे गेलो आणि राहिलो. नंतर आईवडीलही आले. मॉर्मनांना चहा वर्ज्य; तो सोडावा लागला तेव्हा चुलते म्हणाले, "चहा सोडलास, आता आडनावपण सोडून टाक." आमच्यातली तरुण मुलं दोन वर्षं धर्मसेवेला बाहेर जातात, जोडीजोडीने दारोदार धर्म सांगत फिरतात. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही, पत्र येतं. माझ्या पत्रात जपान होतं. तिथला मोठा भूकंप आणि ती लाट येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. आईने ते टीव्हीवर पाहिलं होतं. "एवढं जग पडलंय," ती म्हणाली, "आन् तुला तेवढंच सापडलं?"

नागोयाला मला जो जोडीदार मिळाला तो अमेरिकेतल्या शेतकऱ्याचा मुलगा होता. वय एकोणीस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान, उंची मात्र दाराच्या चौकटीला टेकणारी. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची पट्टी, सायकल, हेल्मेट. नियम पुष्कळ होते, पण सगळ्यात मोठा एकच: जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. न्हाणीघर सोडलं तर चोवीस तास एकमेकांना दिसत राहायचं. घरी ईमेल आठवड्यातून एकदा, फोन वर्षातून दोनदा.

दुसऱ्याच आठवड्यात जेवताना कपाटातले ग्लास किणकिणले. मी भानावर आलो तेव्हा गल्लीत उभा होतो, पायात नुसते मोजे. जोडीदार खिडकीत हातात भाताचा वाडगा घेऊन उभा.

"कुठे गेलास?"

"काही नाही, बाहेर किती हलतंय ते बघायला."

तो हसला आणि परत जेवायला बसला. त्या दिवसापासून मी पँट घालून झोपायला लागलो. बूट उशाशी. कुठेही गेलो तरी दाराजवळची जागा धरायची. ट्रक गेला तरी मी दाराकडे बघायचो. भाषा येत नाही, दारं तोंडावर बंद होतात, याचं मला काही वाटत नव्हतं. कॉलेजात मी त्याहून वाईट अपमान गिळले होते. भीती फक्त जमिनीची होती. शेवटी मी आमच्या भागाच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, मला घरी पाठवा म्हणून. ते पत्र तीन आठवडे माझ्या दप्तरात होतं. द्यावं तर वडिलांचं तोंड आठवायचं. ठेकेदारापासून पानवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, "पोरगं जपानला आहे." मुदत संपायच्या आत परत आलेल्या मुलाकडे लोक कसं बघतात ते मी पाहिलं होतं. न द्यावं तर रोजची ही अशी झोप.

त्या महिन्यात आम्ही एका आजींकडे जात होतो. महापालिकेच्या जुन्या वसाहतीत चौथा मजला, लिफ्ट नाही. त्या मूळच्या ईशान्येकडच्या किनाऱ्यावरच्या. लाटेत घर गेलं म्हणून मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. त्यांना आमच्या धर्मात काडीचा रस नव्हता, बोलायला कोणीतरी हवं होतं. एकट्या बाईच्या घरात आम्ही शिरायचं नाही हाही नियमच. म्हणून दारातल्या बूट काढायच्या चौकोनात आम्ही दोघं बुटांसकट उभे राहायचो आणि त्या आत उशीवर बसायच्या. हिरवा चहाही आम्हाला चालत नाही म्हटल्यावर त्या बार्लीचं गार पाणी द्यायच्या.

"तुम्ही दोघं म्हणजे माझ्या चपला," त्या म्हणायच्या. "कधी बघावं तर दारात."

मला त्या 'इंदो-सान' म्हणत. इंडियाचा, म्हणून इंदो; सान म्हणजे आपलं 'राव'.

त्या दुपारी मी हेल्मेट काढून त्यांच्या बुटांच्या कपाटावर ठेवलं होतं. जोडीदार काहीतरी वाचून दाखवत होता. अचानक त्याच्या खिशातला फोन आणि आजींचा आतला फोन एकदम ओरडायला लागले. भूकंप येतोय, भूकंप. इशारा आणि धक्का यांच्यात काही सेकंद मिळतात. आजींना त्या सेकंदांत गॅस बंद करायला उठताना मी पाहिलं. जोडीदाराने दार सताड उघडून खांद्याने रेटून धरलं. मी त्याच्या काखेखालून निसटलो.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. कठडा हाताखाली थरथरत होता एवढं आठवतं. वरून कोणीतरी हाक मारली, मी मागे पाहिलं नाही. आईने सांगितलंच होतं.

खाली सायकलींच्या शेडपाशी पोचलो तेव्हा हलणं थांबलं होतं. विजेच्या तारा तेवढ्या झुलत होत्या. मी इतर लोकांची वाट पाहिली. एवढी चार मजली इमारत, आता सगळे खाली येतील, पोरंबाळं, म्हातारे. कोणी आलं नाही. त्या अख्ख्या अंगणात मी एकटा होतो. आणि मग लक्षात आलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच मी खरोखर एकटा होतो. जोडीदार दिसत नव्हता. एका म्हातारीला आणि त्याला मी वर टाकून आलो होतो.

सायकलच्या कुलपात किल्ली जाईना. स्टेशन दहा मिनिटांवर होतं. पत्र पाठीवरच्या दप्तरात होतं. मी निघूनच जाणार होतो, खोटं कशाला बोलू?

"इंदो-सान!" चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून आजी वाकून ओरडत होत्या. त्यांच्या हातात माझं हेल्मेट. "डोकं इथे ठेवून कुठे गेलास? भिंतीपासून लांब हो! काचा पडतात!"

मी वर पाहिलं. मी बरोबर काचेच्या खिडक्यांच्या रांगेखाली उभा होतो.

जिना चढायला लागलो. ती इमारत मला तोंड उघडलेल्या जनावरासारखी वाटत होती. दुसरा मजला ओलांडला आणि पुन्हा हललं. थोडंच, पण पायाखालची पायरी सरकल्यासारखी झाली. मी तिथेच बसलो, कठडा दोन्ही हातांनी आवळून. खाली जायचं बळ नाही, वर जायची छाती नाही. डोळे मिटले होते. पावलं ऐकू आली आणि जोडीदार माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन बसला. त्याला ती पायरी पुरत नव्हती, गुडघे हनुवटीला लागले होते.

"तू मला दिसत नव्हतास," तो म्हणाला.

"मी पळालो."

"ते दिसलं."

"पहिल्या वेळेलाही पळालोच होतो. बघायला नव्हतो गेलो."

"तेही माहीत आहे. मोजे घालून कोण बघायला जातं?"

मी दप्तरातून पत्र काढून त्याला दिलं. त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं. त्याच्या खांद्याशी शर्टावर दाराच्या कडेचा काळा पट्टा उमटला होता.

"द्यायचं का नाही ते तू ठरव," तो म्हणाला. "पण आधी चल, ती आजी मला रागावतेय. म्हणते, माझी एक चप्पल हरवली."

आजींनी मला दारात उभं करून धडा दिला, शाळेतल्या पोराला द्यावा तसा. दार उघडायचं, नाहीतर चौकट वाकते आणि दार अडकतं. मग गॅस. मग डोकं झाकायचं आणि थांबायचं. थांबायचं, कळलं?

"तुम्ही पळाला नव्हता?" मी विचारलं. "तिकडे, तेव्हा?"

"हलत होतं तेव्हा नाही," त्या म्हणाल्या. "हलणं थांबलं तेव्हा पळाले. टेकडीवर. शेजारीण पाकीट आणायला मागे वळली."  त्यांनी माझं हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवून पट्टा स्वतः लावला, जरा जास्तच घट्ट.

पत्र मी त्या आठवड्यात दिलं नाही. पुढच्याही नाही. भीती गेली म्हणून नव्हे. दोन वर्षं पूर्ण करून परतेपर्यंत प्रत्येक धक्क्याला माझे पाय तसेच बाहेर धावायला उठले. फक्त पायांच्या आधी हात दाराकडे जायला लागला. दार उघडून मी ते धरून उभा राहायचो, घामाने भिजलेला, आणि जोडीदार मला दिसत असायचा.

नाताळात घरी फोन करायची पाळी आली. आईने जेवणाचं विचारलं, थंडीचं विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "हालतं का रे तिथं?"

"हालतं."

"पळतोस ना?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणालो. "दार उघडतो आणि धरून उभा राहतो. इथली घरं पडत नाहीत आई, दारं अडकतात."

  पुण्याच्या आमच्या खोलीत आई कधी आतून कडी लावत नाही, दार नुसतं लोटून घेते. लहानपणी मी त्याला खेड्यातली सवय समजायचो.

"तुझ्या आजीची कडी निघंना," आई म्हणाली. "आतून हाका मारत होत्या. मी पळाले."

हे तिने मला कधीच सांगितलं नव्हतं. 

"धरून ऱ्हा," ती म्हणाली. "दार धरून ऱ्हा, लेकरा."