सावलीतले गुलाब

ती कवळ्या बनवायची. दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून दिवसभर मेणाच्या हिरड्यांवर दात बसवायचे, हे तिचं काम. म्हणून इमारतीत सगळे तिला कवळीताई म्हणत. हात कमालीचा स्थिर, डोकंही शांत. म्हणजे, वडील राहायला येईपर्यंत तरी.

आई गेल्यावर अण्णांनी घर विकलं आणि ते लेकीकडे आले. सोबत दोन बॅगा आणि टेम्पोभर कुंड्या. सगळे गुलाब. कवळीताईची बाल्कनी उत्तरेकडची, समोर उंच इमारत. ऊन तिकडे फिरकतही नसे. तिने फोनवर दहादा बजावलं होतं, पण अण्णा म्हणाले, "गुलाबाला माया लागते. उन्हाचं काय घेऊन बसलीस!"

पानं पिवळी पडू लागली. कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. अण्णांनी त्यावर उपाय काढला, आणखी पाणी. मातीला कुबट वास सुटला आणि गढूळ पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर टपकू लागलं. कवळीताई खाली जाऊन माफी मागून आली. पुढच्याच आठवड्यात पुन्हा जावं लागलं.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती रोपवाटिकेत गेली.

"ही सगळी सावलीत येतात, ताई," माळी म्हणाला.

"येतात, की नुसती मरत नाहीत?"

माळी हसला. "खरं सांगू? बिगोनिया आणि पीस लिली फुलं देतील, तीही बेताची. बाकी नेचे घ्या, कोलियस घ्या. त्यांच्या पानांतच रंग असतो."

तिने निवडून रोपं आणली, कठड्यापाशी नीट मांडली. अण्णांनी एक नजर टाकली.

"बँकेत असतात तसली झाडं आहेत ही. नुसती पानं!"

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली, तर बिगोनिया वॉशिंग मशीनच्या मागे आणि नेचे बाथरूममध्ये बादलीशेजारी. कठड्यापाशी पुन्हा गुलाब. चपलासुद्धा न काढता ती ओरडली, "अण्णा, इथे ऊन नाही! मी आणू कुठून? डब्यात भरून आणू?"

"तुझ्या आईने लावलेत ते," अण्णा म्हणाले.

"माहितीये मला! म्हणूनच म्हणतेय. आपल्या डोळ्यांदेखत मरतायत ते."

अण्णा ताटावर बसले नाहीत. तिलाही घास गेला नाही.

सकाळी ती चहा घेऊन आली, तेव्हा अण्णा कठड्याला टेकून उभे होते. समोरच्या इमारतीवर लख्ख ऊन पडलं होतं. तिथल्या एका बाल्कनीत, कुठल्याशा व्यायामशाळेत शिकवणारा एक आडदांड गडी टॉवेल वाळत घालत होता.

"ओ पहिलवान!" अण्णांनी हाक मारली. "ऊन असतं का तुमच्याकडे दिवसभर?"

"असतं की, काका! भाजून निघतो!"

"माझे गुलाब ठेवाल?"

कवळीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पहिलवान संध्याकाळी खरंच दारात हजर झाला. नेमकी लिफ्ट बंद. दोघांनी एकेक कुंडी उतरवली, रस्ता ओलांडून तिकडे चढवली. तिचे हात काट्यांनी सोलवटून निघाले.

गुलाबांनी तिकडे जीव धरला. नवी पालवी आली, मग फुलंही. कवळीताईला वाटलं, सुटले. कसलं काय! अण्णा सकाळ-संध्याकाळ बाल्कनीतून ओरडू लागले, "अरे, पानांवर नको, मुळाशी घाल पाणी! त्या फांदीला कात्री लाव!" आता खालच्यांची तक्रार आवाजाची होती.

एके दिवशी पीस लिलीला पहिलं फूल आलं. ती हरखून म्हणाली, "अण्णा, बघा तरी!"

"हं. पांढरं आहे," म्हणत त्यांनी पुन्हा समोर मान वळवली. "पहिलवान, कुंडी जरा फिरव रे!"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाली बसली आणि नेच्याची वाळकी पानं खुडू लागली.