मिटिंग उठत नाई

आंजी गावावर धुकं असं बसलं होतं की समोरचा हँडपंप दिसत नव्हता, नुसता त्याचा खडखडाट ऐकू येत होता. मंदाबाईनं अंगण झाडलं, सडा टाकला आणि ओसरीत सतरंजी अंथरली. मंगळवारी गटाची मिटिंग तिच्याच ओसरीत. गटाची प्रमुख तीच.

गावच्या शाळेत चौदा वर्षांपासून ती खिचडी शिजवते. नुसत्या पोरांच्या कालव्यावरून आज किती जेवायला आहेत ते सांगते, आणि तिचा अंदाज दहा-पाचाच्या वर चुकत नाही. नवरा मोतीलाल जिनिंगमध्ये, तेही कापसाचे चार महिने. बाकीचं घर ती चालवते. कसं चालवते ते मोतीलालनं कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

गटात दहा बायका. कर्ज जिचं तिच्या नावावर, पण जामीन सगळ्याच सगळ्यांना. एकीचा हप्ता आला नाही तर बाकीच्यांनी मिळून भरायचा, आणि तो जमेपर्यंत मिटिंग उठत नाही.

साडेआठला अश्विन सर आले. कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला, चाळिशीचा माणूस, हेल्मेट काखेत. नऊ जणींनी हप्ते दिले. राहिली एक.

"लीलाबाई कुठी हाय?" एकीनं विचारलं.

"येईन," मंदाबाई म्हणाली.

ती येणार नाही हे मंदाबाईलाच ठाऊक होतं. काल सांजेला तिनंच लीलाबाईला सांगितलं होतं, "उद्या मिटिंगले येऊ नको." कारण लीलाबाईच्या नावावरचं कर्ज मंदाबाईचं होतं. सोनूच्या, म्हणजे थोरल्या पोरीच्या लग्नाच्या वेळी मंदाबाईच्या स्वतःच्या नावावर आधीच एक कर्ज चालू होतं, दुसरं मिळेना. लीलाबाई एकटी विधवा बाई. तिनं नाव दिलं, अंगठा दिला. दर सोमवारी मंदाबाई गुपचूप तिच्या हातात आठशे ठेवायची. या सोमवारी ठेवायला नव्हते. शाळेचं मानधन अजून खात्यात पडलं नव्हतं.

तिला वाटलं होतं, बायका कुरकुर करतील आणि भरतील. पण बायका वेगळंच बोलू लागल्या.

"एकटा जीव. ना लेकरू ना नवरा," सखू म्हणाली. तिला कापूस वेचणीला जायचं होतं, ऑटोवाला दहाला निघायचा. "येवढे पैसे कुठी घातले वं हिनं?"

"कुठी घातले का कोनाले घातले!" मागून कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

मंदाबाई सतरंजीचा उसवलेला काठ पाहत राहिली. सव्वानऊ झाले तशी ती म्हणाली, "सर, मले डाळ टाकायची हाय. मास्तर दोनदा बोलले. आता उशीर झाला तर दुसरी बाई लावतो म्हनते."

"नियम आहे ताई. मिटिंग उठत नाही."

"उठत नाई ना?" सखू म्हणाली. "मंग सरकते का?"

अश्विन सरांकडे यावर नियम नव्हता. चौघींनी सतरंजीची चार टोकं धरली आणि मिटिंग शाळेच्या स्वयंपाकखोलीत सरकली. बायका तांदूळ निवडायला बसल्या. सर उलट्या डब्यावर बसले, तर गटातल्याच वर्षालीनं त्यांच्यापुढं वटाण्याच्या शेंगांचं घमेलं सरकवलं. "सोला सर. बसल्या बसल्या."

डाळ-तांदूळ रटरटायला लागले तोवर सखू लीलाबाईला घेऊन आली. "आतून कडी लावून बसली होती, पाहा!"

लीलाबाई दारातच उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला. "चुकलं बाई माहं. खर्च झाले पैसे."

"कायच्यावर?"

"झाले."

"सांग ना वं बुढे! आमच्या गाठीचे जाऊन राह्यले."

लीलाबाई खालीच पाहत होती. मंदाबाईकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. मंदाबाईनं हातातलं उलथणं खिचडीच्या मोठ्या गंजावर आडवं ठेवलं.

"खोटं बोलून राह्यली ते. नाव तिचं हाय, पैसे म्या घेतले. सोनूच्या लग्नाले."



"मोतीलालभाऊले माईत हाय?" सखूनं विचारलं.

"नाई. त्यायले वाटते भिशी लागली होती."

"तरीच!" सखूनं मांडीवर थाप मारली. "म्या तवाच म्हटलं, हिच्या घरच्या लग्नात पनीर कुठून आलं!"

"तू तर तीनदा घेतलं," वर्षाली म्हणाली.

"मंग का टाकून देऊ?"

हसू पसरलं. पण सखू लगेच गंभीर झाली. "कर्जाचं सोड. पन आमच्या तोंडून या बुढीले तासभर वंगाळ बोलवून घेतलं अन् तू आयकत बसली. ते नव्हतं करायचं मंदाबाई."

"हो," मंदाबाई म्हणाली.

"काढा वं शंभर-शंभर," सखू म्हणाली. " आठवडाभरात वापस पायजे. नाई तं मीच मोतीलालभाऊले सांगीन."

आठ जणींनी कंबरेच्या पिशव्या सोडल्या. वर्षालीनं आपली नोट ठेवली, पण मान वर केली नाही. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत राहिली. मघाशी मागून 'कोनाले घातले' म्हणालेली तीच होती, पण आता तिच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सरांनी सह्या घेतल्या आणि म्हणाले, "झालं. उठली मिटिंग." बायका ऑटोकडं पळाल्या. अर्धे वटाणे सोलायचे राहिले.

लीलाबाई ते सोलायला बसली.

"आज घरी सांगाच लागीन," मंदाबाई म्हणाली. "सखूनं सांगन्यापरीस बरं."

"सांगजो. पयले ढवळ. बूड लागून राह्यलं."

मंदाबाईनं उलथणं उचललं, गंजाच्या तळाशी घातलं आणि दोन्ही हातांनी खिचडी ढवळायला लागली. बाहेर धुकं विरलं होतं. पोरांचा कालवा सुरू झाला होता.

"एकशे चार," ती म्हणाली आणि त्या हिशेबानं दोन मुठी मीठ घातलं.