पुस्तकांच्या गाडीतून गंगाखेडला

नेकनूरच्या आठवडी बाजारात माझ्या पालाशेजारी एक कासार बसतो. गावोगाव फिरणारा माणूस, त्यामुळे बांगड्यांबरोबर बातम्याही आणतो. त्या दिवशी पेटी उतरवता उतरवताच म्हणाला, "तांबट, तुमचे धर्मापुरीचे बुवा गेले की वो."

मी घागरीचं बूड ठोकत होतो. हातोडी थांबली नाही. हाताला सवय असते.

"दहाव्याला मी तिथंच हुतो. कावळा शिवंना. ऊन डोक्यावर आलं तरी शिवंना. म्हातारीला सांभाळतो म्हनून झालं, देवळाची पूजा चुकवनार न्हाई म्हनून झालं. शेवटाला लेक म्हनला, बाबा, तुमची समदी पुस्तकं गंगेला देतो. आन् बसला की कावळा! येत्या अवसेला गंगाखेडला न्येनार हायती."

तेव्हा मात्र हातोडी थांबली.

ज्यांना मी कोण ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी तांबट. शाळेचं तोंड पाहिलं नाही. आमच्या मुलखात तालुक्याच्या शाळेत शिकायचं ते उर्दूतून, आणि तेही ज्याला सवड आहे त्यानं. तरुणपणी गावोगाव फिरून भांडी घडवायचो आणि भांड्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालायचो. कुणी कागदावर नाव लिहून दिलं की त्या रेघा पाहून छिन्नीनं तशाच ठोकायच्या. त्या रेघांना आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. धर्मापुरीच्या जुन्या देवळाचे गुरव बुवा, त्यांच्या तांब्यावर मी नाव घातलं ते कागद उलटा धरून. सगळा पार हसला. बुवा हसले नाहीत. त्यांनी मला देवळात नेलं आणि कोळशानं फरशीवर एक अक्षर काढलं. अक्षरं त्यांनी दाखवली. वाचन मी स्वतः मिळवलं, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

बुवांकडे पोथ्या होत्याच, पण छापील पुस्तकंही होती. कडा गावच्या वाटेनं पायी नगरला जायचे आणि गाठोडं बांधून आणायचे. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई गाठोडं उचकायचा आणि आत कापड नाही, तंबाखू नाही, नुसता कागद, म्हणून चिडायचा. त्या पुस्तकांतलं एक माझं होतं. म्हणजे मालकी बुवांची, पण माझं. त्याचं पहिलं आणि शेवटचं पान माझ्या हाती येण्याआधीच गेलेलं, त्यामुळे नाव माहीत नाही, लिहिणाऱ्याचं तर नाहीच. कोकणातल्या खाडीवरच्या एका नावाड्याची गोष्ट. त्याचा मुलगा त्याच पाण्यात बुडतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतारू येऊन काठावर उभे राहतात. नावाडी वल्हं उचलतो. प्लेगात माझी बायको गेली, तेव्हा मी भट्टी पेटवायची सोडून दिली होती. बुवांनी काही समजावलं नाही, ते पुस्तक हातात दिलं. मी ते देवळात बसून तीनदा वाचलं आणि नेकनूरला परत येऊन भट्टी पेटवली. मी समुद्र पाहिलेला नाही; पण भरतीचं पाणी खाडीत शिरतं तेव्हा आधी फेस येतो की आधी आवाज, हे मला विचारा.

अमावास्येला थोडेच दिवस उरले होते. मी बैलगाडी जुंपली.

या वाटेनं कुणाला जायचं असेल तर माझं ऐका. नेकनूरहून केजपर्यंत सडक मुरमाची आहे, बैलांना सोसते. पहाटे निघालात तर उन्हाआधी केज गाठाल. पुढं मोमिनाबादपर्यंत काळ्या रानातून चाकोरी आहे. पाऊस झाला असेल तर जाऊच नका, चाक आसापर्यंत रुततं. मी गेलो ते थंडीचे दिवस, ज्वारी निसवलेली. पुण्या-नगरकडून येणाऱ्यांनी इंग्रजी कलदार रुपये सीमेवरच मोडून आमच्या राज्याचा हाली शिक्का घ्यावा. आत आल्यावर सावकार म्हणेल तो भाव. मोमिनाबादला रिसाल्याच्या घोड्यांमुळे चारा महाग. जेवणाची आशा ठेवू नये, भाकरी आणि लसणाचा ठेचा बांधून न्यावा. धर्मशाळेत पाणी गोड आहे, पण दोर आपला लागतो.

त्या वाटेनं मी पूर्वी अनेकदा गेलेलो. पण वाचायला लागल्यापासून वाट तीच राहिली नाही. आधी टेकडी म्हणजे बैलांचा दम काढणारा चढ, एवढंच. पुढं कुठल्याशा पुस्तकात वाचलं की आमचा हा काळा दगड एकेकाळी वितळलेला रस होता, माझ्या मुशीतल्या तांब्यासारखा वाहत आलेला. त्या दिवसापासून घाट चढताना पायाखाली ऊब आहे असं वाटतं. या वेळी वाटलं नाही. दगड नुसता दगड होता, आणि दोन्ही बाजूंची ज्वारी वाऱ्यावर कागदासारखी वाजत होती.

घाटनांदूरच्या पुढं एका माळ्यानं हाक मारली. "कावून एवढी घाई बे? मयत हाय का कुठं?"

"झालीय," मी म्हणालो.

"मंग दमानं जा की. आता कुठं पळतंय त्ये?"

धर्मापुरीला पोचलो तेव्हा गावात दिवेलागण होत होती. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेल्या बाया आहेत. त्यातली एक काहीतरी लिहिते आहे. बुवांनी बोट दाखवेपर्यंत मला ती दिसली नव्हती. मी त्याच भिंतीला पाठ टेकून भांडी ठोकत असे. पाहायला जाल तर तिच्या हाताकडे पाहा. बोटं झिजलीत, लेखणी शाबूत आहे.

बुवांचा मुलगा महादू ओसरीवर गाडीचा आस वंगणत होता. अंगानं बुवांसारखाच, पण डोळे आईचे. पुस्तकं आधीच दोन गोणपाटांत बांधलेली.

"या, तांबटकाका. उद्या पहाटं निघायचंय. तुमी बाबाच्या मानसांपैकी, चला संगं."

मी लगेच विषय काढला. म्हणालो, "महादू, तुझ्या बाबाचा जीव पुस्तकात अडकला होता, खरंय. पण तो ती बुडवावीत म्हणून नव्हे. ती कुणी वाचणार नाही म्हणून."

"आसंल. मंग तवा यायचं हुतं तुमी, कावळ्याला सांगायला."

"मला उशिरा कळलं."

"मला तर जल्मापासून कळतंय." त्यानं वंगणाची चिंधी खाली टाकली. "बाबा नगरला जायचा तवा शेतात कोन आसायचं? माय. मी आजारी हुतो तवा उशाला कोन? माय. बाबा खांबाला टेकून वाचीत बसलेला. आमच्याकडं बघायला त्याला पान संपावं लागायचं."

आतून म्हातारी बाहेर आली. मी तिला माय म्हणतो. माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्याच्यावर मीच घातलेलं उलटं नाव होतं. इतकी वर्षं तोच वापरत होते.

"माय, एक तरी ठेवा. ते नावाड्याचं," मी म्हणालो.

ती काही बोलायच्या आत महादू म्हणाला, "समदी म्हनलो मी. बाबाला काय सांगू? एक सोडून?"

माय हळूच म्हणाली, "दिलेला सबूद हाय, भाऊ. त्यावर कावळा शिवला."

पुस्तकांनी मला पुष्कळ युक्तिवाद शिकवलेत, पण त्या ओसरीवर, त्या बाईच्या पांढऱ्या कपाळापुढं त्यातला एकही उभा राहीना. मी एवढंच म्हणालो, "बरं. पण गाडीत वाचू दे."

"वाचा की. पान्यात पडायच्या आदी वाचू नका आसं कुठं म्हनलो मी?"

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. पुढं महादू, मागं गोणपाटाला टेकून माय, तिच्या मांडीवर अस्थींचं गाडगं, आणि मधे मी. धर्मापुरी ते गंगाखेड हा प्रवास सोपा आहे. पहिला उतार सोडला तर सपाट रान, मधे दोन ओढे, दोन्हींना तळ पक्का. झाडं कमी, म्हणून डोक्याला मुंडासं हवंच. मी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागलो, बुवा देवळात वाचायचे तसं, वाक्यावाक्याला थांबत.

पहिली पानं बैलांच्या घुंगरांच्या तालात गेली. मग मुलगा बुडतो ते पान आलं. गाडी हळू झाली. महादूनं कासरा ढिला सोडला होता.

"त्यो पवायला शिकला न्हवता का? नावाड्याचा आसून?"

"ऐक, येतंय पुढं."

"न्हाई, म्हंजे बापानं शिकवाया नगं?"

माय मागून म्हणाली, "गप बस आन् ऐक."

ओढ्यावर बैल सोडले. भाकरी खाताना महादूनं दोनदा विचारलं की खाडी म्हणजे किती रुंद. मी सांगितलं. त्याला पटलं नाही. "एवढं पानी आन् खारं? मंग काय उपेग?" जेवण होताच त्यानं स्वतःहून बैल जुंपले, आणि बसता बसता म्हणाला, "हं."

गंगाखेडला पोचेतो दिवस बुडला. त्या वेळी आम्ही शेवटाजवळ होतो. पुराच्या रात्री पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारतं, आणि नावाडी दार उघडून उभा राहतो, इथपर्यंत. अक्षर दिसेना. धर्मशाळेत गर्दी, दिव्याला तेल नाही. महादू म्हणाला, "सकाळी वाचू." मीही तसंच धरून चाललो होतो.

सकाळी अवसेची गर्दी. घाटावर पाय ठेवायला जागा नाही, आणि भटजींच्या मागं आणखी माणसं खोळंबलेली. "आटपा, आटपा," ते म्हणत होते. अस्थी सोडल्या. महादूनं पहिलं गोणपाट पाण्यात नेलं, दोरी सोडली, आणि एकेक पुस्तक हात जोडून पाण्यावर ठेवू लागला. फेकलं नाही एकही. पुस्तकं लगेच बुडत नाहीत. आधी पानं फुगतात, मग उघडतात, कुणी वाचायला घेतल्यासारखी, आणि थोडं वाहत गेल्यावर खाली जातात.

शेवटचं माझ्या हातात होतं. महादू कमरेएवढ्या पाण्यात उभा. त्यानं हात पुढं केला, पण लगेच घेतलं नाही.

"गेला का त्यो? नाव घेऊन, पुरात?"

"अरे, आटपा!" भटजी ओरडले.

त्यानं वर काठाकडे पाहिलं. माय डोळे मिटून बसली होती. हात तसाच पुढं, पुस्तकाला न लागता. मला वाटलं, ठेवील. पण शब्द त्याचा होता, माझा नव्हे. मग त्यानं ते घेतलं, कपाळाला लावलं आणि सोडलं.

परतीच्या वाटेवर गाडी हलकी होती आणि बैल उगाच पळत होते. पहिला ओढा ओलांडला. दुसऱ्या ओढ्याशी महादूनं मागं न पाहता विचारलं, "मंग?"

मी सांगितलं. नावाडी गेला. पुरातून, वल्हं तुटेपर्यंत. पलीकडं पोचला तर काठावर कुणी नव्हतं.

"कुनीच न्हवतं?"

"कुणीच नव्हतं."

"मंग गेला कावून?"

"हाक आली म्हणून."

महादूनं बैलांना उगाचच हाकललं. मागून मायचं रडणं ऐकू आलं, गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा.

नेकनूरला परत आलो त्याला आता बरेच महिने झाले. या प्रवासानं काय दिलं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. काय गेलं ते सांगता येतं. रोज भट्टी शांत झाल्यावर मी ते पुस्तक पहिल्यापासून मनात वाचायला बसतो. तपशिलात मी सहसा चुकत नाही, सगळा बाजार हे मान्य करतो. पण पानं गळताहेत. नावाड्याच्या बायकोचं बोलणं गेलं. देवीच्या जत्रेचं पान गेलं. नाव ठाऊक नसलेलं पुस्तक दुकानात मागायचं तरी कसं?

मागच्या बाजाराला महादू आला होता. एवढ्या लांबून, म्हणे घागरीला चीर गेली. चीर इतकी बारीक होती की धर्मापुरीतच कुणी बुजवली असती. मी राळ लावेतो तो उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "काका, त्या नावंचा रंग काय हुता? मायला सांगताना आडलो."

"निळा," मी म्हणालो.

"न्हाई. तांबडा."

"अरे, मी ते पुस्तक किती वेळा वाचलंय!"

"मी एकदाच ऐकलंय. तांबडा हुता. पोरानंच रंगवली न्हवती का, सनाला?"

मला मुलानं नाव रंगवल्याचं आठवेना. मी म्हणालो असं काही नव्हतंच. तो म्हणाला लई शहाने हायसा तुमी. आमचा आवाज चढला. कासार बांगड्या टाकून मधे पडला आणि विचारू लागला की नाव कुणाची, कुठं आहे, किती पैशांची. मी घागर महादूपुढं सरकवली.

महादूनं घागर उचलली, पाणी ओतून पाहिली. गळत नव्हती. जाता जाता म्हणाला, "फुडल्या बाजाराला येतो. आठवून ठिवा."

मी आठवतो आहे. निळाच असावा. पण आता डोळे मिटले की खाडीत एक तांबडी नाव दिसते, आणि खरं काय ते सांगणारं पान गंगेच्या तळाशी आहे.